पंधराव्या वर्षीचा झुरका

कोल्हापुरात गांजाविषयी दोन प्रकारचं बोलणं चालतं. एक रंकाळ्याच्या कठड्यावर, क्लास सुटल्यावर चहाच्या गाड्यापाशी, होस्टेलच्या गच्चीवर. "झाडाचंच हाय की भावा, काय होत न्हाई. दारूपेक्षा लय बरं." दुसरं घरात, पेपरातली बातमी वाचून झाल्यावर. "एक झुरका मारला की पोरगं कामातनं गेलं समजायचं." पहिलं बोलणं घरापर्यंत येत नाही आणि दुसरं कट्ट्यावर कुणी ऐकून घेत नाही. दोन्हींत थोडं खरं आहे, बरंच खोटं आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला नेमकी माहिती हवी असते तेव्हा ती द्यायला दोन्हीकडे कुणी नसतं.

बातम्यांना तोटा नाही. उसाच्या फडात मधल्या सऱ्यांत लावलेली गांजाची झाडं सापडली, स्थानिक गुन्हे शाखेने पुड्या विकणाऱ्याला पकडलं, अशा बातम्या कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात अधूनमधून येतच असतात. आठ-दहा फूट वाढलेल्या उसात बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ती जागा निवडली जाते. मोठा माल मात्र बाहेरून, आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातून येतो. पण या बातम्यांत मुलगा कुठेच नसतो. किती किलो, किती रुपयांचा, किती आरोपी एवढंच असतं. तो माल पंधरा वर्षांच्या शरीरात गेल्यावर काय होतं, हे त्या बातमीचं कामही नाही.

घरातल्या बोलण्यातली अतिशयोक्ती मुलाला वाचवत नाही, उलट उघडं पाडते, असं मला वाटतं. "एका झुरक्यात वेड लागतं" हे त्याने ऐकलेलं असतं. मग वर्गातला एक मित्र ओढताना दिसतो. तो वेडा झालेला नसतो, चाचणीत मार्कही बरे मिळालेले असतात. त्या क्षणी मुलगा ठरवून टाकतो की मोठी माणसं यातलं काहीच जाणत नाहीत, आणि मग मोठ्यांचं खरं बोलणंही त्याच्या लेखी खोटं ठरतं. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' नावाचा शालेय कार्यक्रम सुरू झाला. पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांविषयी सावध करत. तो हजारो शाळांत पोहोचला, पण पुढे अभ्यासकांनी मोजणी केली तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसला नाही.

आधी आकडा पाहू, कारण कट्ट्यावरचा सर्वांत वजनदार युक्तिवाद "सगळेच ओढतात" हा असतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के लोकांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतलं होतं. १० ते १७ वयाच्या मुलांत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली, ०.९ टक्क्यांच्या आसपास होतं. म्हणजे देशात सुमारे २० लाख मुलं. घरी आलेल्या माणसाला काही मुलं खरं सांगणार नाहीत, आणि एखाद्या होस्टेलच्या मजल्यावर प्रमाण याच्या कितीतरी पट असू शकेल, हे धरलं तरी "सगळेच" या शब्दाला आधार मिळत नाही. ज्याचे चारही मित्र ओढतात त्याला जग तसं दिसतं, इतकंच. याच पाहणीत हुंगण्याच्या पदार्थांचं, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांचं मुलांमधलं प्रमाण गांजापेक्षा जास्त, १.१७ टक्के निघालं. त्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. सोल्युशनची ट्यूब दप्तरात सापडली तर घरच्यांना काही वाटतही नाही.

आता गांजा आणि वेड यांच्या नात्याकडे येऊ. खऱ्या-खोट्याची सर्वांत जास्त सरमिसळ इथेच आहे, आणि ती निस्तरण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला.

१८९३ साली ब्रिटिश सरकारने 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. ब्रिटिश संसदेत तक्रार झाली होती की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत. कमिशनने मुंबई इलाख्यासह देशभर फिरून १,१९३ साक्षी घेतल्या. डॉक्टर, मामलेदार, शेतकरी, बैरागी, मिशनरी असे सगळ्या थरांतले लोक त्यांत होते. १८९४ साली सात खंडांचा अहवाल तयार झाला. त्यातलं इस्पितळांविषयीचं प्रकरण आजही थक्क करतं. १८९२ या एका वर्षात दाखल झालेल्या रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचं कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. कमिशनने एकेका रुग्णाची चौकशी केली, गावाकडून माहिती मागवली. शेवटी ९८ जणांच्या बाबतीतच ते कारण कसंबसं मान्य करण्यासारखं निघालं. बाकीच्यांच्या नोंदींत कारणाचा रकाना भरायचा होता, रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाला काही ठाऊक नव्हतं, आणि "गांजा" हे सोपं उत्तर होतं. रुग्ण गांजा ओढत होता एवढं कळलं की पुरे, कधी तेवढंही कळलेलं नसे.

माफक सेवनाने बहुतेकांवर फारसा वाईट परिणाम होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि ज्यांच्या मनाची घडण मुळातच नाजूक आहे त्यांना तो लवकर होतो, असा कमिशनचा निष्कर्ष होता. संपूर्ण बंदी नको, नियंत्रण हवं, असं त्यांनी सुचवलं. गांजाची बाजू घेणारे आजही हा अहवाल पुढे करतात आणि त्यात चूक नाही. पण हा अहवाल मुख्यतः मोठ्या माणसांविषयी आहे. काबाडकष्ट करून संध्याकाळी चिलीम ओढणारा मजूर, बैरागी, फकीर हे त्याचे विषय होते. आठवीत सुरुवात करणारा मुलगा त्या काळात कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

तो मुलगा पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी अभ्यासात आला. १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनमधल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सक्तीच्या लष्करी भरतीच्या वेळी, अठरा-एकोणीस वर्षांचे असताना त्यांची माहिती घेतली होती. पुढच्या पंधरा वर्षांत कोणाला स्किझोफ्रेनिया झाला हे पाहिलं, तेव्हा भरतीपूर्वी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत ते प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट निघालं. इतर कारणं हिशेबात घेतल्यावर फरक कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजही पाठपुरावा चालू आहे. २००२ साली तिथून आलेल्या निष्कर्षात पंधराव्या वर्षापर्यंत सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांना सव्विसाव्या वर्षापर्यंत स्किझोफ्रेनियासारखा आजार झालेला होता, आणि न ओढणाऱ्यांत हे प्रमाण तीन टक्के होतं. अठराव्या वर्षानंतर सुरू करणाऱ्यांत धोका एवढा वाढलेला दिसला नाही. पंधराव्या वर्षापर्यंत सुरू केलेल्यांचा गट लहान होता. अकराव्या वर्षीच काही मुलांत दिसलेली लक्षणं हिशेबात धरल्यावर फरकही थोडा ओसरला. म्हणजे काही मुलं आधीच त्या वाटेवर होती असं म्हणायला जागा आहे. पण नंतरचे अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतात. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणच्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांत भ्रमाचा आजार होण्याचा धोका तिपटीने, आणि रोज जास्त तीव्रतेचा माल ओढणाऱ्यांत जवळजवळ पाचपटीने वाढलेला दिसला.

"पाचपट" ऐकून घाबरायला होतं, म्हणून याचा अर्थ नीट लावायला हवा. एरवी शंभरात साधारण एकाला होणारा आजार पाचपट झाला तरी पंचाण्णव जणांना तो होत नाही. म्हणून मुलाला आजूबाजूला वेडे झालेले मित्र दिसत नाहीत, आणि त्याच्या दृष्टीने तो बरोबरच असतो. पण ते पाच कोण असतील हे आधी ओळखता येत नाही. एक खूण मात्र आहे. आई, वडील, काका, मावशी, भावंडं यांपैकी कुणाला असा आजार असेल तर धोका जास्त. आपल्याकडे घरातला मानसिक आजार मुलांपासून लपवून ठेवतात, लग्न जमायची अडचण नको म्हणून नातेवाइकांपासूनही लपवतात. ज्या मुलाला ही माहिती सर्वांत आधी मिळायला हवी त्याच्यापासूनच ती दडवली जाते. मला वाटतं, घरच्यांनी तोंड उघडायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

एवढा फरक वयाने का पडतो?

गांजातला नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी. राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये तो १९६४ साली वेगळा काढला. तो मेंदूवर परिणाम करू शकतो, कारण मेंदूत त्याच्यासाठी जणू तयार जागा आहेत, सीबी-१ नावाचे ग्राहक. हे ग्राहक मेंदूने स्वतःच बनवलेल्या रसायनांसाठी असतात. त्यांतलं आनंदामाइड हे पहिलं १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत सापडलं. एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जास्तच जोरात जाऊ लागला की घेणारी पेशी हे रसायन तयार करून उलट दिशेने पाठवते आणि देणाऱ्या पेशीला आवरायला सांगते. गरज असेल तिथे, गरजेपुरतं आणि काही क्षणच. टीएचसी मात्र मेंदूभर एकाच वेळी त्या जागा अडवून बसतो, तोही तासन्‌तास. स्मरणाच्या भागात हे ग्राहक दाट असतात म्हणून ओढलेला माणूस वाक्याची सुरुवात विसरतो. लहान मेंदूत आणि हालचालींच्या केंद्रांत असतात म्हणून हातापायांचा ताल बिघडतो. ट्रिपल सीट गाडी मारताना ब्रेक लागायला जो वेळ जातो तो यामुळेच. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या बुडातल्या भागात मात्र हे ग्राहक फार थोडे आहेत. म्हणून अफू किंवा हेरॉइनच्या जास्त डोसाने जसा श्वास थांबतो तसा गांजाने थांबत नाही. "गांजानं कोण मरत न्हाई" या वाक्यात एवढंच खरं आहे.

तारुण्याच्या उंबरठ्यावर याच ग्राहकांकडे आणखी एक मोठं काम असतं. बाराव्या-तेराव्या वर्षापासून साधारण पंचविशीपर्यंत मेंदू आपली फेररचना करत असतो. लहानपणी भरमसाट तयार झालेल्या जोडण्यांपैकी न लागणाऱ्या काढल्या जातात, लागणाऱ्या मजबूत होतात. कपाळामागचा भाग, म्हणजे थांबणं, तोलणं, पुढचा विचार करणं ज्याच्याकडे आहे तो, सर्वांत शेवटी पक्का होतो. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्ष बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांत घड धरायला सुरुवात होते. त्या दोन-अडीच महिन्यांत बागेवर ताण आला तर वेल हिरवीगार दिसते, तक्रार कुठेच नसते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड निघत नाहीत तेव्हा कळतं की चूक उन्हाळ्यात झाली होती. मेंदूतल्या या छाटणीचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेत सीबी-१ ग्राहकांचा भाग आहे, आणि नेमक्या त्याच वेळी टीएचसी तिथे जाऊन बसतो. कोवळ्या वयाच्या उंदरांना टीएचसी दिल्यावर स्मरणातले दोष मोठेपणी टिकून राहतात आणि प्रौढ उंदरांत तेवढे टिकत नाहीत, असं प्रयोगांत दिसलं आहे. माणसाच्या मुलांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. त्यामुळे माणसांविषयीचा पुरावा पाठपुराव्याच्या अभ्यासांतूनच गोळा करावा लागतो.

तिथे वादही आहेत, आणि ते झाकले तर आपणही घरातल्या त्या बोलण्याच्याच पंक्तीला जाऊन बसू. २०१२ साली डनेडिनच्याच अभ्यासातून असं पुढे आलं की किशोरवयात सुरू करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांची बुद्ध्यंकाची पातळी अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ अंकांपर्यंत घसरली होती. जगभर मथळे झाले. नंतर गरिबी आणि शिक्षण यांचा वाटा नीट मोजला गेला नाही अशी टीका झाली. २०१६ साली जुळ्या भावंडांच्या अभ्यासात ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या जुळ्यांत फरक दिसला नाही. तेव्हा "गांजाने बुद्धी कायमची जाते" असं ठामपणे म्हणता येत नाही. "परीक्षेच्या काळात रोज ओढणाऱ्याचं लक्ष आणि ताजं स्मरण त्या काळात मंदावतं" हे म्हणता येतं, आणि ते पुष्कळ झालं. बारावीचं वर्ष एकदाच येतं. "ओढून बसलं की अभ्यासात लक्ष लागतं" असं मुलं म्हणतात, त्यात वेळेचं भान सुटल्याची जाणीव खरी असते. वाचलेलं दुसऱ्या दिवशी आठवत नाही हेही खरं असतं.

सवयीविषयी कट्ट्यावर पक्कं मत असतं की ती लागत नाही. गांजा घेणाऱ्या सगळ्यांचा विचार केला तर साधारण अकरात एकाला व्यसन लागतं, आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत सहांत एकाला. रोज ओढणाऱ्यांत त्याहून बरंच जास्त. बंद केल्यावर होणारा त्रास दारूइतका जीवघेणा नसतो. चिडचिड, झोप न येणं, भूक मरणं, बेचैनी, भडक स्वप्नं, असं ते सगळं असतं. घरात "हा अलीकडे फार चिडका झालाय" एवढंच दिसतं आणि मुलालाही तो त्रास कशाचा हे कळत नाही. एक झुरका घेतला की बरं वाटतं, म्हणून तो म्हणतो, "मला टेन्शनसाठी लागतंय". ते टेन्शन बऱ्याचदा आदल्या दिवशीच्या गांजाने दिलेलं असतं.

शिवाय आपल्याकडे गांजा सहसा एकटा ओढला जात नाही. सिगारेट सोलून, तिची तंबाखू मिसळून कागदात भरतात. चिलमीतही तंबाखू असतेच. "मी सिगारेट ओढत नाही, फक्त जॉइंट" असं म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला निकोटिनचं व्यसन लागून चुकलेलं असतं. गांजाच्या धुरात डांबर आणि घातक रसायनं असतात. रोज ओढणाऱ्यांना जुनाट खोकला आणि कफ होतो, हे पक्कं आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगाशी गांजाचा सरळ संबंध तंबाखूइतका स्पष्ट झालेला नाही. पण जिथे दोन्ही एकाच कागदात गुंडाळलेले आहेत तिथे ही सूट कुणाच्या कामाची नाही.

"नैसर्गिक आहे", "शंकराचा प्रसाद आहे", "औषध आहे" ही तीन वाक्यं एकापाठोपाठ येतात. धोतराही नैसर्गिक आहे आणि त्याच्या बिया जीव घेतात, एवढं पहिल्याला पुरे. औषधाचं म्हणणं अर्धं खरं आहे. गांजाच्या झाडातल्या सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकापासून केलेलं औषध अमेरिकेत २०१८ साली लहान मुलांच्या दोन दुर्मिळ, हट्टी अपस्मारांसाठी मंजूर झालं. मोजून दिलेलं, शुद्ध केलेलं, डॉक्टरच्या देखरेखीखालचं औषध आणि कुणीतरी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून दिलेली पुडी यांचा संबंध मुळाचा आणि नावाचा. पुडीत टीएचसी किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजातलं टीएचसीचं प्रमाण १९९५ साली सरासरी चार टक्के होतं, २०१४ पर्यंत ते बारा टक्क्यांच्या आसपास गेलं. बँकॉकहून येणारा, बंद खोलीत पाण्यावर वाढवलेला गांजा मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो, त्याची तीव्रता याहूनही जास्त असू शकते. आजोबांच्या काळातल्या चिलमीचा दाखला या मालाला लागू पडत नाही.

भांगेविषयी एक गोष्ट मुलांना माहीत असलीच पाहिजे. महाशिवरात्र किंवा रंगपंचमीला थंडाईतून, गोळीतून भांग घेतली की अर्धा तास, कधी दोन तास काही होत नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, पोटातून गेलेला यकृतातून फिरून उशिरा चढतो आणि यकृतात त्याचं आणखी जोरकस रूप तयार होतं. "काहीच झालं नाही" म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही एकदम चढतात. छातीत धडधड, आपण मरतोय अशी भीती, भास, आणि हे सहा-आठ तास चालतं. अशा मुलाला एकटं सोडू नये, गाडीवर बसवू नये. श्वास, शुद्ध किंवा वागणं ठीक वाटत नसेल तर लगेच दवाखान्यात न्यावं आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगावं. कोल्हापुरातल्या तालमींत पैलवानांसाठी घोटली जाणारी बदाम-खसखशीची थंडाई वेगळी. तिच्यात भांग नसते, तिला या चर्चेत ओढू नये.

"आज गांजा, उद्या गर्द" हे घरातलं दुसरं ठाम वाक्य. गांजा घेणारे बहुतेक लोक पुढे हेरॉइनकडे जात नाहीत, हे अनेक देशांत दिसलं आहे. जे जातात त्यांनी बहुतेक वेळा गांजाच्याही आधी तंबाखू आणि दारू घेतलेली असते. मात्र एक वाट खरी आहे आणि ती मेंदूतून जात नाही, विकणाऱ्याच्या खिशातून जाते. गांजा देणारा हात दुसऱ्या पुड्याही बाळगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी चंदगड तालुक्यातल्या, सर्पोद्यानासाठी ओळखल्या जाणाऱ्या ढोलगरवाडीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना उघडकीला आणला. २०२४ साली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पुणे पोलिसांनी एमडीचा मोठा साठा धरला. हा माल महानगरांतला आहे, आपल्याकडे कुठला, असं म्हणण्याचे दिवस गेले.

कायद्याविषयीही दोन्हीकडे गैरसमज आहेत. मुलं म्हणतात, "परदेशात सगळीकडे लीगल झालाय." कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून परवानगी दिली, पण वयाची अट प्रांतानुसार अठरा, एकोणीस किंवा एकवीस. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत मौजेसाठी विक्रीला परवानगी आहे तिथे एकवीस. म्हणजे ज्या सरकारांनी गांजा दुकानात आणला त्यांनीही सोळा वर्षांच्या मुलाला तो नाकारला आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पानं त्या व्याख्येत नाहीत म्हणून भांग त्यातून सुटते, पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली तिलाही परवाना लागतो. एक किलोपर्यंतचा गांजा जवळ सापडला तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं सेवन केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा तेवढाच दंड किंवा दोन्ही.

पालकांना वाटतं, पोलिसांत नाव गेलं की मुलाचं आयुष्य संपलं. या भीतीपोटी ते उपचारही टाळतात. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळापुढे जातं, त्याची ओळख छापायला बंदी आहे, आणि अशा किरकोळ प्रकरणाचा डाग पुढे नोकरी-शिक्षणात लागू नये अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. व्यसनाधीन माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम एनडीपीएस कायद्यातच आहे. जो मुलाला गांजा देतो किंवा त्याच्याकरवी विकवतो, त्याला मात्र सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पुड्या पोचवायला शाळकरी पोरं वापरली जातात, "तू लहान हाईस, तुला कोण काय करत न्हाई" असं सांगून. गांजा वीस किलोंहून जास्त असेल आणि मुलगा सोळा ओलांडलेला असेल, तर त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का याचा विचार मंडळ करू शकतं, हे त्याला कुणी सांगत नाही.

घरात कळलं तर पहिल्या रात्री मारहाण आणि दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी केंद्रात भरती, हे मी ओळखीच्या घरांत पाहिलं आहे. दोन्हीने मुलगा बोलायचा थांबतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन मुलाला दाखल करायचं तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून तशी गरज ठरवावी लागते. त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ सोबत राहावं लागतं. हे पाळत नसलेल्या केंद्राच्या दारातून परत फिरावं. बहुतेक मुलांना भरती लागतच नाही. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवता येतं. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ यांवर नाव न सांगताही विचारता येतं. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे.

गांजा सोडवणारी ठरलेली गोळी अजून नाही. झोपेसाठी, चिंतेसाठी डॉक्टर गरजेपुरतं औषध देतात, मुख्य काम बोलण्याचं असतं. कधी ओढावंसं वाटतं, कुणाबरोबर, त्या वेळी दुसरं काय करता येईल, हे मुलाबरोबर बसून शोधावं लागतं. खाली दुसरं काही दडलेलं आहे का, नैराश्य, घरातली भांडणं, अकरावीला न झेपलेलं सायन्स, हेही पाहावं लागतं. लघवीच्या तपासणीवर भिस्त ठेवू नये. टीएचसी चरबीत साठतो, रोज ओढणाऱ्याने सोडून तीन-चार आठवडे झाले तरी तपासणीत सापडू शकतो. प्रामाणिकपणे थांबलेल्या मुलाला खोटारडा ठरवण्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

"किती दिवस लागतील?" हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्यांना उत्तर देता येतं. त्रास पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू होतो, पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, दोन आठवड्यांत बहुतेक ओसरतो. झोप त्यानंतरही काही दिवस बिघडलेली राहते. मेंदूची चित्रं घेऊन केलेल्या अभ्यासात रोज ओढणाऱ्यांचे घटलेले सीबी-१ ग्राहक सुमारे चार आठवड्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा पूर्वपदाच्या जवळ आलेले दिसले. २०१८ साली अमेरिकेत सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांचा महिनाभराचा प्रयोग झाला. ज्यांनी ओढणं थांबवलं त्यांचं नवं शिकण्याचं आणि लक्षात ठेवण्याचं काम सुधारलं, आणि सुधारणेचा मोठा भाग पहिल्याच आठवड्यात दिसला. चिडचिड सर्वांत जास्त असते तोच हा आठवडा. त्या सात दिवसांत घरातल्या एका तरी माणसाने आवाज न चढवता मुलासोबत राहायला हवं.